बाटली पोटात गेली की लगेच कोटिंगकडे धावू नका

प्रश्न थोडक्यात असा. लातूर एमआयडीसीत कीटकनाशकांचं छोटं फॉर्म्युलेशन युनिट चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने लिहिलंय: आम्ही झायलीन या सॉल्व्हंटमध्ये केलेलं ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं कीटकनाशक) एचडीपीई या जाडसर प्लास्टिकच्या २५० मिली आणि १ लिटरच्या बाटल्यांत भरतो. मार्चमध्ये भरलेला माल जूनमध्ये हिंगोली-परभणीच्या कृषी सेवा केंद्रांतून परत आला. बाटल्या पोटात गेलेल्या, म्हणजे बाजू आत दबलेल्या, खोका उघडला की भपकन वास, वजन कमी. बाटलीवाला म्हणतो, फ्लोरिनचं कोटिंग मारून घ्या, सगळं थांबेल. हे खरं का? शिवाय उदगीरला काकांचा लाकडी घाणा आहे, त्यांचं करडईचं तेल पेट (पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लास्टिक) बाटलीत खवट होतं. तेच कोटिंग तिकडेही चालेल का?

काकांचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर माणसाच्या पोटात जाईल: नाही, ते कोटिंग तेलाला लावू नका. कारण पुढे येईल. तुमच्या ईसीसाठी मात्र बाटलीवाला निम्मं खरं बोलतोय. राहिलेलं निम्मं तो सांगणार नाही, कारण ते झाकणाबद्दल आहे आणि झाकणं तो विकत नाही.

मी वाळूजला ब्लो मोल्डिंगच्या मशीनवर आणि नंतर पॅकेजिंग डेव्हलपमेंटमध्ये पंचवीसेक वर्षं काढली. या काळात सगळ्यात जास्त वेळा एकच गैरसमज खोडावा लागला. लोकांना वाटतं, प्लास्टिकला बारीक भोकं असतात आणि कोटिंग म्हणजे ती बुजवणारी पुट्टी. माठाचं तसं आहे, माठ खरंच भोकांतून पाझरतो. प्लास्टिकचं तसं नाही. स्वयंपाकघरातली हिंगाची डबी आठवा. ती कुठेही फुटलेली नसते, झाकण घट्ट असतं, तरी अख्ख्या कपाटाला हिंगाचा वास येतो. हिंगातले वासाचे रेणू डबीच्या आतल्या पृष्ठभागात अक्षरशः विरघळतात, भिंतीच्या आत एकेक पाऊल सरकत बाहेरच्या अंगाला येतात आणि तिथून हवेत सुटतात. विरघळणं आणि सरकणं, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे पारगम्यता. दोन्हींपैकी एक अडवली तरी काम होतं.

एचडीपीई हे मेणाच्या जातीचं प्लास्टिक आहे. पाण्याशी त्याचं जमत नाही, म्हणून पाणी त्यात वर्षानुवर्षं टिकतं. झायलीन, टोल्यूइन, रॉकेल ही मात्र त्याची भावकी. ती त्यात सहज विरघळतात, भिंत किंचित फुगवतात, मऊ करतात आणि वाट आणखी सोपी करून घेतात. म्हणूनच तुमच्या शेजारचा कारखानदार पाण्यात केलेलं एससी किंवा एसएल साध्या एचडीपीईत भरून निवांत झोपतो. (अशा पाण्याच्या मालालाही फ्लोरिनची बाटली विकणारे मी पाहिलेत. तो शुद्ध वाया गेलेला पैसा.)

बाटली पोटात का जाते? झायलीनची वाफ भिंतीतून बाहेर पडते, पण तिची जागा भरायला तितक्या वेगाने हवा आत येत नाही. हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन, आणि तो पॉलिथिलीनमधून ऑक्सिजनच्याही तिपटी-चौपटीने सावकाश जातो. आत हळूहळू निर्वात तयार होतो. त्यात भिंत झायलीनने आधीच मऊ पडलेली. मग सपाट बाजू, बहुतेक लेबलचीच, आत ओढली जाते. दिसायला वाईट दिसतं हे ठीक, पण खरं नुकसान आत आहे. सॉल्व्हंट कमी झाला की औषधाचं प्रमाण वाढतं, तळाला खडे बसू लागतात, इमल्सिफायरचं, म्हणजे तेलकट माल पाण्यात मिसळवणाऱ्या घटकाचं, गणित बिघडतं. बादलीत टाकल्यावर पाणी दुधासारखं पांढरं व्हायच्या ऐवजी फाटल्यासारखं दिसतं, आणि सोयाबीनच्या फवारणीत नोझल तुंबलं की शेतकरी आधी पंपाला शिव्या घालतो, मग तुम्हाला.

आता परत आलेला माल. तो फेकू नका, त्याच्याइतका चांगला पुरावा तुम्हाला विकत मिळणार नाही. दहा-बारा बाटल्या घ्या, बाहेरून कोरड्या पुसा, वजन करा आणि भरतानाच्या नोंदीशी जुळवा. मग प्रत्येकीचं झाकण उघडून वॅड, म्हणजे झाकणाच्या आतली गोल चकती, बघा. वॅड फुगलीय का, तिची कड विरघळल्यासारखी झालीय का, फॉइल सील असेल तर ते मानेला पूर्ण गोल चिकटलंय का की एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा राहिलीय?

हे सांगतोय कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. नोकरीची पहिली काही वर्षं. अशीच तक्रार नांदेडहून आली, मी भिंत दोषी ठरवली, बाटलीचं वजन चार ग्रॅमने वाढवायला लावलं, मोल्डवाल्याशी भांडलो. पुढच्या मोसमात माल पुन्हा परत. तेव्हा आमच्या स्टोअरच्या एका जुन्या माणसाने सहज विचारलं, ‘साहेब, काचेच्या बाटलीला हेच झाकण लावून बघितलं का?’ त्याच मानेची काचेची बाटली शोधली, तेच द्रव, तेच झाकण, तोच टॉर्क, म्हणजे झाकण आवळायचा जोर. काचेचंही वजन उतरलं! काचेतून काही जात नाही, म्हणजे सगळा चोर झाकणात. वॅडला फोम होता आणि फोमला झायलीन चढत होतं. तेव्हापासून काचेची बाटली शेजारी ठेवल्याशिवाय मी कुठल्याही कोटिंगची चाचणी केलेली नाही.

चाचणी तुम्हीही करा, खर्च फारसा नाही. चार गट करा: साधी बाटली, फ्लोरिनची बाटली, साधीच बाटली पण नीट लागलेल्या फॉइल सीलसह, आणि काच. प्रत्येक गटात पाच-सहा नग, शक्य असल्यास त्यातले दोन उलटे. तुमचंच ईसी भरा. कीटकनाशकाच्या प्रवेगी साठवणुकीची रूढ पद्धत ५४ अंश सेल्सिअसला १४ दिवस अशी आहे, ती वापरा, आणि शंभरावा भाग ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन लिहा. पहिले दोन-तीन दिवस आकडे फसवे येतात, कारण सॉल्व्हंट अजून भिंतीत मुरत असतं, बाहेर आलेलं नसतं. त्यानंतर रेघ सरळ होते. खरा वेग त्या सरळ रेघेचा. एक मात्र बजावतो: झायलीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, २७ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे मे महिन्यातल्या परभणीच्या सावलीपेक्षाही खाली. साध्या ओव्हनमध्ये हे ठेवू नका. फ्लेमप्रूफ ओव्हन नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये (केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था) किंवा दुसऱ्या सोय असलेल्या प्रयोगशाळेत चौकशी करा.

तुमच्या तक्रारीत तारखांनीच बरंच सांगून टाकलंय. मार्चमध्ये भरलं, जूनमध्ये परत. म्हणजे एप्रिल आणि मे पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. पारगम्यता तापमानाने चढत जाते. सेंद्रिय सॉल्व्हंटसाठी ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना वेग दुपटीच्या आसपास वाढतो. २५ अंशांना वर्षभरात जे निसटेल ते ४५ अंशांच्या पत्र्याखाली तीन महिन्यांत निसटतं. पुण्या-मुंबईच्या पुरवठादाराने दाखवलेला ‘रूम टेम्परेचर’चा तक्ता हिंगोलीच्या मे महिन्याला लागू पडत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगा. खोके भिंतीपासून आणि पत्र्यापासून दूर ठेवणं, छताला पांढरा रंग देणं, हे कोटिंगपेक्षा स्वस्त आहे. डीलरच्या दुकानात मात्र तुमचं काही चालत नाही, म्हणून बाटलीत थोडं जास्तीचं संरक्षण लागतंच.

आणि २५० मिलीच्या बाटल्या जास्त बिघडल्या असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. त्याच घाटाची बाटली लिटरवरून पाव लिटरवर आणली की दर मिली मालामागे भिंतीचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, वर भिंतही पातळ. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २५० मिलीला ९ मिली आणि लिटरला १५ मिली इतकीच तूट माफ आहे, त्यामुळे थोडी वाटणारी गळतीही गोत्यात आणते. एक बाटली करवतीने उभी कापा आणि तळाच्या कोपऱ्यात, खांद्याजवळ, हँडल असेल तर तिथे जाडी मोजा. सरासरी जाडी एक मिलिमीटर असलेल्या बाटलीचा कोपरा अर्ध्या मिलिमीटरचा निघणं ही रोजची गोष्ट आहे. जाडी दुप्पट केली की गळती जेमतेम निम्मी होते. म्हणून नुसतं प्लास्टिक वाढवून हा प्रश्न सुटत नाही, पण ते पातळ कोपरे मात्र दुरुस्त झालेच पाहिजेत.

हे सगळं बघून झाल्यावरही भिंतच दोषी निघाली, आणि झायलीन म्हटल्यावर ती थोडीफार निघणारच, तर मग कोटिंगचं बोलू.

फ्लोरिन ‘मारणं’ हा शब्द चुकीचा आहे, तो रंगासारखा थर नसतो. नायट्रोजनमध्ये पातळ केलेला फ्लोरिन वायू पॉलिथिलीनवर सोडला की साखळीवरचे हायड्रोजन सुटतात आणि त्यांच्या जागी फ्लोरिन बसतो. बदललेला भाग मायक्रॉनच्याही खालचा असतो, पण तो बाटलीचाच भाग असल्याने पापुद्रा निघत नाही. झायलीनला आता आत विरघळायला जागा मिळत नाही, भावकी तुटली. हे दोन प्रकारे करतात. एकात बाटली फुगवतानाच हवेऐवजी फ्लोरिन मिसळलेला नायट्रोजन वापरतात, तेव्हा फक्त आतली बाजू बदलते. दुसऱ्यात तयार बाटल्या मोठ्या बंद टाकीत भरून वायू सोडतात, तेव्हा आतबाहेर दोन्हीकडे होतं आणि मात्रा कमीजास्त करता येते. झायलीन, टोल्यूइन, सी-९ (झायलीनच्याच जातीचं जड सॉल्व्हंट) यांच्यापुढे हे उत्तम चालतं. मेथनॉलसारख्या ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जमणाऱ्या, सॉल्व्हंटपुढे तितकं नाही. तुमच्या ईसीमध्ये जोडीला सायक्लोहेक्झॅनोन किंवा तसलं कीटोन जातीचं काही असेल तर पुरवठादाराच्या झायलीनच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतःचा माल भरूनच बघा.

बाटल्या आल्यावर खरंच प्रक्रिया झालीय का, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि इथेच फसवणूक होते. साधी युक्ती: बाटली कापून आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. साध्या एचडीपीईवर तो अळवाच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन बसतो, प्रक्रिया झालेल्यावर पसरतो. डाइन पेन (शाई पसरते की आकसते यावरून पृष्ठभाग ओळखायचं पेन) असेल तर आणखी नेमकं कळेल. तळ, मधला भाग आणि खांदा, तिन्हीकडे बघा. तळाला वायू नीट न पोचल्याच्या बाटल्या मी हातात घेतल्यात. हा थेंब फक्त झालंय की नाही तेवढं सांगतो. किती झालंय ते वजनाच्या चाचणीतूनच कळेल.

फ्लोरिनबद्दल आणखी एक गोष्ट, जी बाटलीवाले टाळतात. अमेरिकेत २०२० च्या सुमारास डास मारण्याच्या औषधात पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं सापडली, आणि माग काढल्यावर ती फ्लोरिन प्रक्रिया केलेल्या एचडीपीई डब्यांतून उतरल्याचं निघालं. प्रक्रियेत ऑक्सिजनचा अंश असला की पीएफओएसारखी, निसर्गात न विघटणारी संयुगं तयार होऊ शकतात. तिथल्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये एका कंपनीला ती तयार करणं थांबवण्याचे आदेश दिले, मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते कायद्याच्या मुद्द्यावर रद्द केले. संयुगं तयार होतात की नाही, हा त्या निकालाचा मुद्दा नव्हता. तुमचा माल परदेशी जाणार असेल तर खरेदीदार याबद्दल विचारेल, उत्तर तयार ठेवा. आणि काकांच्या तेलाला ही बाटली नको म्हणालो ते यासाठी. शिवाय तेलाला तिची गरजही नाही.

फ्लोरिनला पर्याय म्हणजे कोएक्स बाटली. कोटिंग नाही, भिंतीतच सँडविच: बाहेर एचडीपीई, मग चिकट थर, आत नायलॉन किंवा ईव्हीओएच (वायू आणि सॉल्व्हंट अडवणारं प्लास्टिक). गाड्यांच्या प्लास्टिकच्या पेट्रोल टाक्या याच तत्त्वावर सहा थरांच्या असतात. एक बारकावा: ईव्हीओएच कोरडं असताना अप्रतिम, ओलं झालं की ढेपाळतं, म्हणून त्याला दोन्हीकडून पॉलिथिलीनचं पांघरूण लागतं. सॉल्व्हंटचा माल थेट नायलॉनच्या थरावरही भरतात. थर आहे की नाही हे बघायला भिंतीची तिरकी चकती कापून औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन लावा आणि थोड्या वेळाने पुसा. अडवणाऱ्या थराच्या जागी तपकिरी रेघ उमटते. ती सलग आहे का आणि कोपऱ्यात किती बारीक झालीय, ते भिंगातून दिसतं. अडचण अशी की कोएक्सला कमीत कमी ऑर्डर मोठी असते, आणि तुमच्या आकाराच्या युनिटला ती बहुधा झेपणार नाही.

तिसरा मार्ग पेट. झायलीन पेटमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून बरेच ईसी आज पेटमध्येच जातात आणि वेगळं कोटिंग लागत नाही. पण कीटोन असेल तर पेट मऊ पडतं, धुरकट होतं. आणि ५४ अंशांच्या चाचणीत पेटची बाटली किंचित आकसते, तेव्हा पातळी वर आलेली दिसली तर घाबरू नका, वजनावर भरवसा ठेवा. तुमच्या जागी मी असतो तर आधी झाकण आणि फॉइल सील सुधारलं असतं, मग एकाच मोसमात लिटरसाठी पेट आणि २५० मिलीसाठी फ्लोरिन अशी चाचणी लावली असती. आयएस ८१९० हे कीटकनाशकांच्या पॅकिंगचं भारतीय मानक आणि तुमच्या नोंदणीत मंजूर झालेलं पॅकिंग तपासल्याशिवाय बाटलीचा प्रकार बदलू नका, नाहीतर वजन वाचेल आणि परवाना अडकेल.

आता काकांची करडई. इथे शत्रूच उलट दिशेने येतो. तेल बाहेर जात नाही, ऑक्सिजन आत येतो. करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त लिनोलेइक आम्ल, म्हणजे ऑक्सिजनचं आवडतं खाद्य. ऑक्सिजनसाठी एचडीपीई तर चाळणीच, पेटच्या तुलनेत तीसेक पट जास्त आत सोडतं. काकांनी पेट निवडलंय ते बरोबरच आहे.

पेटवर ऑक्सिजन अडवणारी कोटिंग आहेत, आणि ती सुंदर आहेत. बाटली निर्वातात धरून आत ॲसिटिलीन सोडायचं, मायक्रोवेव्हने त्याचा प्लाझ्मा करायचा, काही सेकंदांत आतून हिऱ्यासारख्या कार्बनचा सोनेरी झाक असलेला थर बसतो, जाडी एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी. फ्रान्सच्या सिडेलने १९९९ मध्ये असं यंत्र आणलं, जपानमध्ये किरीननेही याच वाटेने काम केलं. दुसरी जात सिलिकॉन ऑक्साइडची, म्हणजे बाटलीला आतून काचेचं अस्तर. बाटली चेपली-ताणली की त्याला बारीक तडे जाण्याचा धोका. हे सगळं मुख्यतः बिअरसाठी झालं, कारण तिला दहा लाखांत एक भाग ऑक्सिजनही जड जातो. वाळूज बिअरसाठी प्रसिद्ध, पण तिथेही मी उभं आयुष्य काचेच्याच बाटल्यांचे ट्रक बघितले.

काकांना हे का नको, त्याचा हिशेब करू. साध्या एक लिटर पेट बाटलीतून दिवसाला ढोबळमानाने ०.०५ मिली ऑक्सिजन आत येतो, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. महिन्याला दीड ते तीन मिली. आता आत आधीच काय आहे? मानेखाली ४० मिली मोकळी जागा सोडली तर त्या हवेत आठ मिली ऑक्सिजन. आणि घाण्यातून हवेत घुसळत निघालेल्या तेलात विरघळलेला आणखी पंचवीस-तीस मिली. म्हणजे भिंतीतून जेवढा वर्षभरात येईल तेवढा काका पहिल्याच दिवशी आत भरून झाकण लावतायत. कोटिंग केलं तर तो ऑक्सिजन फक्त आत कोंडला जाईल.

तेव्हा क्रम असा. तेल गाळताना उंचावरून धार सोडू नये, नळी तळापर्यंत न्यावी. तेल पूर्ण निवल्यावर भरावं आणि मोकळी जागा कमी ठेवावी. नायट्रोजनचा सिलिंडर परवडला तर आधी टाकीतल्या तेलात तळातून बुडबुडे सोडावेत, मग झाकणाआधी मानेत एक झोत. आणि पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दारात उन्हात मांडणं बंद करावं. घाण्याच्या तेलात रंगद्रव्यं शिल्लक असतात, ती प्रकाशात ऑक्सिजनला आणखी चेव आणतात. गडद बाटली किंवा नुसतं खोक्यात ठेवणंसुद्धा काकांना कुठल्याही प्लाझ्मापेक्षा जास्त देईल. एवढं करून पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याचं माप, दर पंधरा दिवसांनी तपासा. तीन महिन्यांनंतरही ती झपाट्याने चढत असेल तरच भिंतीचा विचार करायचा.

आणि काका पाच लिटरचे पांढरे एचडीपीई कॅनही भरत असतील, घाण्यावर ते असतातच. त्या कॅनला कोटिंग, नायट्रोजन, काहीच उपयोगाचं नाही. घरी गेल्यावर तो रोज उघडतो आणि रोज नवी हवा आत घेतो, महिनाअखेरीला तळाशी लिटरभर तेल आणि वर चार लिटर हवा. त्या गिऱ्हाइकाला लिटरच्या पाच बाटल्या द्या, एकावेळी एकच फोडायला सांगा.